दोन झटक्यांमधलं अंतर

सोयाबीनला शेंगा आणि पऱ्हाटीला बोंडं धरली की आमच्याकडे माणसांची झोप वावरात जाते. आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर कडेला, पैनगंगेच्या काठाकाठाने भीमपूर, जैनथ, बेला या मंडलांत मराठी बोलणारी गावं आहेत. तिथे हे दरसालचं आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि टिपेश्वरचं जंगल. २०१४ साली तेलंगण झालं, २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. रानडुकरांची नदी उतरायची जागा मात्र तीच राहिली.

जागलीची जुनी साधनं मोजकी होती. पत्र्याचा डबा, गोफण, टेंभा, नंतर चार सेलची बॅटरी. धुऱ्यावर काठ्या रोवून त्यांना जुनी लुगडी बांधायची, म्हणजे वाऱ्याने ती हलतात आणि जनावराला माणूस असल्याचा भास होतो. कोणी न्हाव्याकडून केस आणून बांधाभोवती पसरायचं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. आम्ही इथे आहोत, एवढंच ही साधनं डुकराला सांगत होती. डुक्कर हुशार. लुगडी बोलत नाहीत, हे त्याला चार रात्रींत कळायचं. मग माणसाने मचाणावर बसून डबा बडवण्याला पर्याय उरत नसे, आणि पहाटे तीनच्या सुमाराला डबा बडवणारा हात थांबतोच. डुकरं नेमकी त्या वेळेची असतात.

मग झटका मशीन आलं. धुऱ्याने बांबू किंवा लोखंडी अँगल, त्यांवर प्लॅस्टिकचे इन्सुलेटर, त्यांतून ओढलेली जीआय तार, झोपडीत एक डबी, बारा व्होल्टची बॅटरी आणि छपरावर सोलर प्लेट. मशीन चालू असलं की टक्... टक्... असा आवाज येत राहतो, साधारण सेकंदाला एक. नव्या माणसाला त्या आवाजाने झोप लागत नाही. जुन्याला तो थांबला की जाग येते.

माझे मामा तारेत लाईन आहे की नाही हे टेस्टरने बघत नाहीत. हरळीची लांब, ओली काडी तोडतात, तिचं एक टोक चिमटीत धरतात आणि दुसरं तारेला टेकवतात. मग काडी हळूहळू पुढे सरकवत बोटं तारेजवळ नेतात. काडी जितकी आखूड, तितका झटका मोठा. मनगटाला मुंग्या आल्या की काडी फेकून म्हणतात, "आहे. चाल." बोटांनी किती काडी अलीकडे झटका ओळखला, यावरून त्यांना बॅटरीचा अंदाज येतो. मी एकदा त्यांच्या बोटांऐवजी मीटर लावून पाहिला. आकडा बरोबर आला. मामांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या डबीत काय चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीची वीज आत चढवून एका कंडेन्सरमध्ये साठवली जाते. तो भरला की थायरिस्टर नावाचं दार उघडतं, आणि साठलेली सगळी वीज ट्रान्सफॉर्मरमधून पाच-सात हजार व्होल्टचं रूप घेऊन तारेत धावते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतं. त्यानंतर सेकंदभर काही नाही. तार रिकामी, नुसतं लोखंड. पुन्हा टक्.

तारेला फक्त एकच टोक असतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतं. वीज जाते, पण परत येते कुठून? परतीची वाट म्हणजे आमची काळी माती. मशीनचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडलेलं असतं. डुकराचं ओलं नाक तारेला लागलं की वीज नाकातून शिरते, पायांतून मातीत उतरते आणि वावराखालून सळईपर्यंत येते. म्हणजे सर्किट पुरं करतं ते जनावरच. ते येईपर्यंत मशीन अर्धवट असतं. उन्हाळ्यात माती भेगाळली की ही परतीची वाट तुटते. मग सळईच्या बुडाशी कोळसा आणि मीठ घालून घागरभर पाणी ओततात. मामांच्या भाषेत, "जमिनीले पाणी पाजल्याशिवाय तार बोलत नाही."

ही कल्पना मूळची न्यूझीलंडची. हॅमिल्टन गावचे बिल गॅलघर यांचा ‘जो’ नावाचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासत असे. १९३०च्या दशकात त्यांनी मोटारीलाच अशी वायर जोडली की घोड्याने अंग टेकवताच त्याला झटका बसावा. घोडा सुधारला आणि त्या खोडीतून विजेच्या कुंपणाचा कारखाना उभा राहिला. पण पहिल्या पिढीतल्या कुंपणांची एक अडचण होती. तारेला चार गवताच्या काड्या लागल्या की वीज तिथेच जमिनीत मुरे आणि पुढची तार मेल्यात जमा होई. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधन केंद्रात डग फिलिप्स यांनी कंडेन्सर एकदम रिकामा करण्याची युक्ती वापरली. झटका इतका छोटा आणि इतका जोरकस केला की गवताने थोडी वीज खाल्ली तरी उरलेली मैलभर पुढे जावी. आज आदिलाबादच्या बाजारात मिळणाऱ्या डब्या त्याच युक्तीवर चालतात. त्यांच्यावर फिलिप्स यांचं नाव नसतं. पेटंटची मुदत संपली की वस्तू गावजेवणासारखी होते, कोणीही यावं आणि पानावर बसावं. मला ही पेटंटच्या कायद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. सगळे भांडतात ते हक्कासाठी. पण कायद्याचा खरा सौदा असा आहे: तुझी युक्ती कागदावर उघड लिही, वीस वर्षं ती तुझी, नंतर सगळ्यांची.

आता दुसरी तार. तिच्याबद्दल आमच्याकडे दिवसा कोणी बोलत नाही. डीपीवरून किंवा वरच्या लाईनवर आकडा टाकून वीज थेट धुऱ्यावरच्या तारेत सोडायची. मशीनचा खर्च नाही, बॅटरीची कटकट नाही. घरची वीज २३० व्होल्टची, मशीनच्या मानाने आकडा केवढासा. पण ती अखंड असते. तिला टक् नाही आणि टक् नंतरचा रिकामा सेकंदही नाही. स्नायू आखडतात, तार हातातून सुटत नाही, पाय मागे निघत नाही. मशीनचा झटका बसलेलं डुक्कर किंचाळून पळतं आणि पुढच्या वेळी तार पाहून वळतं. कारण झटक्यानंतर त्याला पळायला वेळ मिळालेला असतो. आकड्याच्या तारेवर सापडलेलं जनावर काहीच शिकत नाही. त्या तारेवर डुक्कर मरतं, रोही मरतो, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूस मरतो. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्रात या भागातली अशी बातमी वाचली की मी आधी गावाचं नाव बघतो. पीक खाल्ल्याचा राग मला समजतो. एका रात्रीत एकरभर भुईमूग उपसलेला मी पाहिला आहे. तरीही आकड्याच्या तारेला मी शेतकऱ्याची मजबुरी म्हणणार नाही. ज्याला डुकराशी बोलायचंच नाही, त्याचं ते काम आहे.

राखण करणारं यंत्र मुळात बोलणारं यंत्र असतं, हे मला एका जुन्या ट्रान्झिस्टरने पटवलं.

तार कुठेतरी गळत होती. मशीन चालू, झोपडीजवळ झटका जोरात, आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात काडी लावली तर काहीच नाही. अशा वेळी धुऱ्याने चालत इन्सुलेटर एकेक बघायचे असतात. पण चिरलेला इन्सुलेटर दिवसा दिसत नाही. माझा भाचा आदिलाबादला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो संध्याकाळी आला, पिशवीतून एक जुना रेडिओ काढला, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा नेला आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही चाला पुढं. बोलू नका." आम्ही धुऱ्याने निघालो. रेडिओतून नुसती खरखर येत होती, आणि त्या खरखरीत सेकंदाला एक टिचकी. तारेजवळून जाताना ती ऐकू येई, दूर गेलो की विरे. नाल्याच्या वळणावर टिचकी एकदम मोठी झाली, कोणी नखाने टेबल ठोकावं तशी. भाचा थांबला. टॉर्च बंद केली. अंधारात पाहिलं तर तिसऱ्या अँगलवर इन्सुलेटरच्या चिरेतून निळी ठिणगी उडत होती, टिचकीच्या तालात.

ठिणगी उडाली की तिच्यातून रेडिओलहरी सुटतात, एवढं शाळेत शिकलो होतो. आमच्या धुऱ्यावर एक बिनपरवान्याचं प्रक्षेपण केंद्र चालू होतं, आणि ते रात्रभर एकच बातमी देत होतं: मी इथे फुटलोय. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर केलेला प्रयोग तत्त्वाने हाच होता. एका ठिकाणी ठिणगी, मधे भिंती, आणि पलीकडे कोणतीही तार न जोडता वाजलेली घंटा. त्याच प्रयोगात त्यांनी त्या अदृश्य लहरीने बंदुकीची दारूही पेटवून दाखवली. घंटा आणि दारू. एकाच लहरीने बोलावताही येतं आणि उडवताही येतं, हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

बोस यांना पेटंटचा तिटकारा होता. ज्ञान विकायला काढणं त्यांना रुचत नसे. पण त्यांच्या हाती पेटंट घेण्यासारखी एक युक्ती होती. लहरींच्या कामात ठिणगी पाडणं सोपं. खरी कसोटी तिची लहर पलीकडे ओळखण्याची. त्यांनी गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी टिपणारं साधन बनवलं. भगिनी निवेदिता आणि विवेकानंदांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल यांनी त्यांचं मन वळवलं, आणि १९०१ साली अमेरिकेत अर्ज गेला. २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं; त्यावर निम्मा हक्क सारा बुल यांच्या नावे लिहिलेला आहे. अर्धवाहक पदार्थावर चालणाऱ्या साधनाचं हे जगातलं पहिलं पेटंट मानतात. बोस यांनी त्यातून पैसा केला नाही, त्याची मुदत सरू दिली आणि स्वतः वनस्पतींकडे वळले. हा त्याग म्हणून शाळेच्या पुस्तकात सांगतात. मला त्यात थोडा हट्टही दिसतो, आणि तो हट्ट आवडतो. पण एक गोष्ट हट्टाच्या पलीकडची आहे. कागद झाला म्हणून आज तारीख आहे, आकृती आहे, स्फटिक आहे. पेटंट घेतलंच नसतं तर मार्कोनीच्या गोंगाटात तो स्फटिक कोणी शोधला असता?

पेटंट घेऊनही हाती काही न लागल्याचं उदाहरण म्हणून हेडी लमार यांचं नाव नेहमी घेतलं जातं, म्हणून मी ते थोडक्यात उरकतो. हॉलिवूडची ही नटी आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली टॉर्पेडोसाठी गुप्त संदेशयंत्रणेचं पेटंट घेतलं. संदेश एका लहरीवर न ठेवता ८८ लहरींवर उड्या मारत न्यायचा, म्हणजे शत्रूला तो अडवता येऊ नये. आकडा ८८, कारण पियानोला तेवढ्या पट्ट्या. नौदलाने कागद कपाटात टाकला. १९५९ साली मुदत संपली, त्यांना एक पैसा मिळाला नाही. आज आमच्या पैनगंगेच्या पुलावरून मोटारसायकलने कापसाच्या मंडईकडे जाणाऱ्या पोराच्या कानातलं ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा अशाच उड्या मारतं. त्याच्या कानात गाणं तेलुगू, शिव्या मराठी.

मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांच्या दाराशी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी ही कृष्णवर्णीय परिचारिका. कामाच्या वेळा अवेळी, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ आणि त्याच्याही वेळा तशाच. रात्री दार वाजलं तर घरात ती एकटी. पोलिसांना बोलावलं तर ते कधी येतील याचा भरवसा नाही. १९६६ साली दोघांनी मिळून अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, मागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीच्या पडद्यावर बाहेरचा माणूस, त्याच्याशी बोलायला मायक्रोफोन, कडी उघडायचं बटण आणि धोका वाटला तर इशारा द्यायचं बटण. चार भोकं का? बाहेर उभा माणूस उंच असेल, ठेंगणा असेल, लहान मूल असेल. ज्या बाईने रात्री दाराआड उभं राहून खरोखर कान दिला आहे, तिलाच ही चार भोकं सुचतात. आणि दोन बटणंही. नुसता भोंगा करणं सोपं होतं. तिने आधी विचारायची सोय केली, कोण आहे म्हणून. मग आत घेण्याची, आणि शेवटी हाकलण्याची. मामांच्या तारेतही हा क्रम आहे, फक्त डुकराला आत घेण्याचं बटण नाही.

२०१९ साली आमच्या भागातून एक प्राणी असा गेला की जो सतत बोलत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. टिपेश्वरमधल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारीत रेडिओ कॉलर घातली होती. जूनमध्ये, पावसाच्या तोंडाला, तो निघाला. त्याला हवं होतं स्वतःचं रान. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले मिळून सात जिल्हे त्याने पालथे घातले. शेतं, नाले, कालवे, महामार्ग ओलांडत तो जवळजवळ ३००० किलोमीटर चालला आणि शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. दिवसा झुडपांत पडून राहायचं, रात्री चालायचं. कॉलर त्याचा ठावठिकाणा तासातासाला नोंदवत होती. पाच हजारांहून अधिक नोंदी जमल्या. एप्रिल २०२० मध्ये बॅटरी संपत आली म्हणून कॉलर काढून घेतली.

जनावराच्या अंगावर रेडिओ बांधून त्याचा माग काढायची रीत १९६०च्या दशकातली. अमेरिकेत इलिनॉयमध्ये विल्यम कोक्रन यांनी ससे, बदकं अशांच्या अंगावर मावतील इतके छोटे ट्रान्समीटर बनवले आणि १९६३ साली रेक्सफर्ड लॉर्ड यांच्याबरोबर त्याची पद्धत छापून टाकली. आता तीच कॉलर आकाशातल्या उपग्रहांचं ऐकून स्वतःची जागा ठरवते. या वाघाच्या प्रवासाचा नकाशा मी पाहिला तेव्हा मला त्याच्या अंतरांपेक्षा दुसराच विचार छळत होता. पाच हजार नोंदींच्या मधल्या वाटांवर किती धुरे असतील, किती तारा, आणि त्यांतल्या किती टक् करणाऱ्या आणि किती मुक्या? तो वाचला याचा अर्थ त्याच्या वाटेतल्या तारा बहुतेक बोलणाऱ्या होत्या, किंवा त्याचं नशीब. गळ्यातली कॉलर देहरादूनच्या माणसांशी बोलत होती. आकड्याच्या तारेला तिचं काही ऐकू गेलं नसतं.

भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो दुकानात एक मशीन उघडून बसला होता. टेबलावर जळका कंडेन्सर, सोल्डरिंगचा धूर, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. त्याने डबीत मोबाईलचं सिम बसवलं होतं. तार तुटली, बॅटरी उतरली की शेतकऱ्याच्या फोनवर रिंग जायची. "याचं पेटंट घ्यावं म्हणतो," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की असं यंत्र बाजारात आधीपासून आहे, आणि जे आधीच कोणाला सुचून उघड झालंय त्याला पेटंट मिळत नाही. अर्ज करायची फी मात्र एकट्या माणसाला ऑनलाइन १६०० रुपयेच आहे. इथला अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जाणार. पूल ओलांडून पांढरकवड्यात राहत असता तर मुंबईला गेला असता. त्याला याचीच जास्त गंमत वाटली. "म्हंजे डुक्कर तेच, पण ऑफिस दुसरं!"

मग बराच वेळ तो काही बोलला नाही. डबी बंद केली, उघडली. "मामा, या मशीनले समजतच नाही ना, तारेले गवत लागलं का डुक्कर लागलं. पावसाळ्यात ओलं गवत वीज खाते, अन् शेतकरी रात्रभर उगाच उठते. फोनवर रिंग गेली तरी काय सांगणार त्याले? गवत हळूहळू खाते. डुक्कर एकदम खाते, अन् सोडते. वीज कशी खाल्ली हे मशीनने ओळखलं तं?"

"हे कोणी केलंय का, शोधायला पाहिजे," मी म्हणालो.

"शोधा तुम्ही. मी आधी मोजतो." त्याने शटर अर्धं खाली ओढलं, पोराला कोपऱ्यावरच्या रसवंतीमागून ओलं गवत आणायला पिटाळलं आणि माझ्याकडे वळला. डुकराच्या जागी काय लावायचं याची त्याला पंचाईत पडली होती. "बाजारात मासे मिळतील का आता?" तो म्हणाला. "ओलं कातडं पाहिजे. नाहीतर तुमचा हात द्या."